टकलावर केसांची नवी लागण होईल का?

माजलगाव तालुक्यातल्या २७ वर्षांच्या एका तरुणाने विचारलंय: "दोन वर्षांत कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागे सरकलेत, टाळूवरही विरळ झालंय. वडील आणि मामा दोघांनाही टक्कल आहे. केसांची नवी मुळं तयार करायचं तंत्र निघालंय असं वाचलं. एका ठिकाणी 'स्टेम सेल' पॅकेजचे १ लाख ६० हजार सांगितले. ते करून घेऊ, की खरं तंत्र येईपर्यंत थांबू? जन्मभर गोळ्या नकोत. पुढच्या वर्षी लग्नाचं बघतायत, आणि गोळीने मूल व्हायला अडचण येते असं मित्र म्हणतात."

मी लातूरला बावीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. हा प्रश्न घेऊन महिन्याला पाच-सहा तरुण तरी येतात, आणि बहुतेकांनी तो असाच मांडलेला असतो: पैसे भरू की वाट बघू? या दोन्हींत एक गोष्ट सुटते. तुम्ही निर्णय घेईपर्यंत डोक्यावरचं काम थांबलेलं नसतं. म्हणून आज वाचवता येतील अशी किती मुळं शिल्लक आहेत आणि ती कशी वाचवायची, हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्न आहे. नव्या मुळांचं शास्त्र खरं आहे, आणि ते मी मनापासून वाचत असतो. पण ते आज विकत मिळत नाही. असं का म्हणतो ते सांगतो.

तुमच्याकडे धरणाच्या पाण्यावर ऊस आहे, म्हणून उसाचंच उदाहरण घेतो. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि त्यातून खोडवा फुटतो. केसाचंही तसंच आहे. केस ज्या खोलगट पिशवीतून वर येतो तिला फॉलिकल म्हणतात, आपण साध्या भाषेत मूळ म्हणतो. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, सुमारे तीन महिने विश्रांती, आणि तो गळून त्याच मुळातून दुसरा फुटतो. रोज ५० ते १०० केस गळणं हा या फेऱ्याचाच भाग आहे. त्यामुळे न्हाणीघराच्या जाळीवर अडकलेले केस मोजत बसू नका, त्यातून टकलाचं निदान होत नाही.

वंशपरंपरेने येणाऱ्या टकलात बिघडतो तो खोडवा. बुडखा तोच, पण दर खेपेला फुटवा आधीपेक्षा बारीक आणि आखूड. वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो, आणि शेवटी जाड काळ्या केसाच्या जागी डोळ्याला न दिसणारी लव उरते. याला कारण डीएचटी नावाचं संप्रेरक. टेस्टोस्टेरॉनपासून ते शरीरातच तयार होतं, आणि कपाळावरची व टाळूवरची मुळं त्याला जन्मतः संवेदनशील असतात. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातली मुळं तशी नसतात, म्हणून टक्कल पडलेल्या माणसालाही मागे झालर राहते. तुमच्या रक्तात हे संप्रेरक जास्त असेलच असं नाही, बहुतेकांचं प्रमाण नेहमीएवढंच असतं. वारसा आईकडून येतो की वडिलांकडून, तर दोन्हींकडून. एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे आईकडून मिळतं, म्हणून "मामावर गेला" या म्हणण्यात तथ्य आहे, पण बाकी बरीच जनुकं वडिलांकडूनही येतात.

खोडवा पार बारीक झाला की शेतकरी तो मोडून नवी लागण, म्हणजे उसाची नवी लावणी, करतो. डोक्यावर ते होत नाही. टाळूवर साधारण एक लाख मुळं असतात आणि ती सगळी आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्मानंतर माणसात नवीन मूळ सहसा तयार होत नाही. ती एकच लागण आपल्याला जन्मभर पुरवायची असते. नवं मूळ तयार करणं हा शास्त्रज्ञांचा इतका मोठा ध्यास झालाय तो यामुळे.

आता "नवी मुळं" या शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात.

पहिली, निजलेलं मूळ जागं करणं. मुळाच्या कडेला एका फुगवट्यात मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात, हे १९९० मध्ये समजलं. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉ. जॉर्ज कोत्सारेलिस यांच्या गटाने दाखवलं की टकलाच्या जागीही या मूळपेशी शाबूत असतात. कमी पडतात त्या त्यांच्यापासून तयार होणाऱ्या पुढच्या टप्प्यातल्या पेशी. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. बुडखा जिवंत आहे, फुटवा येत नाहीये, असा त्याचा अर्थ. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१७ मध्ये मूळपेशींच्या ऊर्जेचा मार्ग बदलून उंदरांमधली निजलेली मुळं जागी केली गेली, आणि त्या विचारातून आलेलं लावायचं औषध मानवी चाचण्यांपर्यंत पोचलंय. येत्या काळात काही खरं हाती आलं तर ते या वाटेने आधी येईल, असं मला वाटतं.

दुसरी, पेशींपासून मूळ घडवणं. मुळाच्या तळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा छोटा गोळा असतो. वर केस घडवण्याचा हुकूम तोच देतो. १९८४ मध्ये ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या मिशीतल्या या पेशी बाहेर वाढवून परत सोडल्या आणि केस उगवून दाखवले. १९९९ मध्ये त्याच गटातल्या डॉ. कॉलिन जाहोडा यांच्या टाळूतल्या मुळाभोवतीच्या पेशी एका महिला शास्त्रज्ञाच्या हातावर बसवल्या, आणि तिथे केस आले. दुसऱ्या माणसाच्या पेशी असूनही शरीराने त्या नाकारल्या नाहीत. तेव्हा मी शिकत होतो. आमच्या सरांनी वर्गात सांगितलेली ही बातमी मला अजून आठवते, कारण तेव्हा वाटलं होतं की दहा वर्षांत टक्कल हा विषयच उरणार नाही.

तसं झालं नाही. या पेशी बशीत पसरून वाढवल्या की त्या आपलं काम विसरतात. एकाच्या हजार होतात, पण हुकूम देण्याची ताकद जाते. २०१३ मध्ये त्यावर एक सुंदर तोड निघाली: पेशी सपाट न वाढवता लोंबत्या थेंबात गोळा होऊ दिल्या, आणि काही प्रमाणात स्मृती परत आली. सात जणांच्या पेशी वापरल्या, त्यांतल्या पाचांच्या पेशींनी उंदरावर लावलेल्या मानवी त्वचेत केस आणले. २०२० मध्ये तर मानवी मूळपेशींपासून प्रयोगशाळेत चार-पाच महिन्यांत केसांसकट त्वचेचा छोटा गोळा वाढवला गेला.

तिसरी वाट जखमेची. प्रौढ उंदराच्या पाठीवर मोठी जखम भरताना मधोमध नवीन मुळं तयार होतात, हे २००७ मध्ये दिसलं. केस मात्र पांढरे आले, रंग घालणाऱ्या पेशी तिथे पोचल्याच नाहीत. माणसाची जखम भरते ती व्रणाने, आणि व्रणावर केस येत नाहीत, हे तुम्ही गुडघ्यावरच्या जुन्या खुणेवर पाहिलंच असेल.

इतकं सगळं हाती असून उपचार का नाही? एक केस उगवणं आणि डोकं भरणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. केसाला दिशा लागते, नाहीतर तो कुठेही तोंड करून उभा राहतो. रंग लागतो, तेलाची ग्रंथी लागते, आणि थंडीत अंगावर काटा आणणारा तो चिमुकला स्नायूही जोडलेला लागतो. एकदा गळल्यावर त्याच जागी पुन्हा फुटण्याचा फेरा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं चालतो की नाही हे बघायला वर्षंच जावी लागतात. अशी हजारो मुळं एका डोक्यात. वर मुळाला जे संकेत वाढायला लावतात, ते संकेत अवाजवी चालू राहिले तर गाठी होऊ शकतात, म्हणून सुरक्षिततेची चाळणी बारीक ठेवावी लागते. जिवाला धोका नसलेल्या टकलासाठी हा धोका पत्करणं योग्य नाही, असं माझं ठाम मत आहे. इंटरसायटेक्स आणि अडेरान्स या कंपन्या मानवी चाचण्यांपर्यंत गेल्या, पण बाजारात उपचार आणू शकल्या नाहीत. जपानमध्ये रुग्णाच्याच मुळातल्या पेशी वाढवून टोचल्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले: घनतेत वाढ दिसली, पण ती थोडी होती.

म्हणजे इथपर्यंतचा हिशेब असा. बुडखा बराच काळ जिवंत राहतो. त्याला जागं करण्याचे प्रयत्न माणसांत सुरू आहेत. कोऱ्या रानात नवी लागण अजून प्रयोगशाळेत आहे.

मग तुम्हाला १ लाख ६० हजारांत काय देणार आहेत? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ठरावीक रक्तविकारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्यामुळे तिथे जाऊन दोनच गोष्टी विचारा: ही चाचणी असेल तर सरकारी क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा क्रमांक काय, आणि चाचणी नसेल तर नळीत नेमकं काय आहे ते लिहून द्याल का. औश्याकडचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच फाइल घेऊन आला. दीड वर्षात सहा बैठका, दीड लाख, वडिलांच्या सोयाबीनचे पैसे. कागद नीट वाचले तर प्रत्येक वेळी त्याचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग टोचला होता. नाव फक्त स्टेम सेलचं होतं. त्या दीड वर्षात त्याला औषध कुणीच दिलं नव्हतं आणि टाळू आणखी उघडी पडली होती. मला पैशांपेक्षा त्या दीड वर्षाचं जास्त वाईट वाटलं, कारण गेलेला काळ कुठल्याच उपचाराने परत येत नाही.

प्लेटलेटचं इंजेक्शन, म्हणजे पीआरपी, वाईट नाही. मीही निवडक रुग्णांना देतो. काहींचे केस थोडे जाड होतात, काहींना फरक पडत नाही, आणि परिणाम टिकवायला ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. पण त्याने नवं मूळ तयार होत नाही. 'एक्झोसोम'च्या, म्हणजे पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांच्या, नावाने जे टोचतात त्यापासून तर लांबच राहा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्येच त्याबद्दल इशारा दिला होता.

आता तुमच्या जागी माझा धाकटा भाऊ असता तर मी काय केलं असतं ते सांगतो. आधी निदान. माझ्याकडे येणाऱ्या दर काही तरुणांत एकाचं गळणं टकलाचं नसतंच. डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस जातात आणि आपोआप भरतात. इथे कोचिंगला आलेल्या मुलांत मेसचं अर्धपोटी जेवण आणि जागरण यांनीही तसंच होतं. थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-१२ एकदा तपासा. जिममध्ये कुणी स्टेरॉइड देत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, त्याने टक्कल वेगाने येतं. "डॉक्टर, बोअरचं पाणी लई जड हाय, त्यानंच झालंय" हे मला रोज ऐकावं लागतं, आणि २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गेल्याच्या बातम्या आल्यापासून तर जास्तच. ते प्रकरण वेगळं होतं: सगळ्या वयाच्या बायामाणसांचे केस काही दिवसांत गेले. जड पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात, पण कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून आणि टाळूवरून नेमका नकाशा काढल्यासारखं टक्कल पाण्याने पडत नाही. तुमचं वर्णन आणि घरचा इतिहास पाहता टकलाचीच शक्यता जास्त आहे, पण भिंगाखाली टाळू पाहिल्याशिवाय मी ते लिहून देणार नाही. जाड-बारीक केस शेजारी-शेजारी दिसले की निदान पक्कं होतं, आणि बारीक केस अजून किती शिल्लक आहेत यावर पुढचं सगळं ठरतं.

निदान पक्कं झालं तर दोन औषधं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून लावायचं औषध निघालं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पाच टक्क्यांचं, एक मिली, दिवसातून दोनदा, केसांना नाही तर कोरड्या टाळूला. पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळू शकतात. हे आधी सांगितलं नाही की निम्मे रुग्ण बाटली टाकून देतात, म्हणून मी चिठ्ठीवर लाल शाईने लिहितो. जुना वाळका फुटवा पडून नवीन येतोय, एवढाच त्याचा अर्थ. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. आठवड्यातून एकदा सुयांचा रोलर जोडला तर फायदा वाढतो, हे मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये १०० पुरुषांवर दाखवलं. पण तो रोलर घरी मित्राबरोबर वाटून वापरू नका, जंतुसंसर्गाची भीती असते.

दुसरं फिनास्टेराइड, रोज १ मिलिग्रॅम. याची गोष्ट मला आवडते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत डीएचटी बनवणारं एन्झाइमच जन्मतः कमी असतं, आणि त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावरून तेच एन्झाइम रोखणारं औषध शोधलं गेलं आणि १९९७ मध्ये टकलासाठी मान्य झालं. या दोन्हींत मूळ कारणाला हात घालणारं हेच औषध आहे. उदगीरचे एक शिक्षक चोविसाव्या वर्षी माझ्याकडे आले होते, आज अडतीस वर्षांचे आहेत. डोकं दाट नाही, पण त्यांच्या थोरल्या भावाचं त्याच वयात पूर्ण गेलं होतं.

"जन्मभर गोळ्या नकोत" हे तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. दोन्ही औषधं थांबवली की काही महिन्यांत मिळवलेलं जातं. खोडव्याचं पाणी तोडल्यावर जे होतं तेच. पण जन्मभराचा करार आज करायची गरज नाही. एक वर्ष घ्या, दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा फोटो काढा, आणि मग ठरवा. उद्या मूळ जागं करणारं औषध आलंच, तर ते उपयोगी पडेल तुमच्याकडे बुडखे शिल्लक असतील तरच. मुळाचा त्या चिमुकल्या स्नायूशी असलेला जोड एकदा सुटला की ते परत आणणं फार अवघड होतं, असं अभ्यास सांगतात.

आणि काहीच न करणं हाही पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. टकलाने आयुष्य कमी होत नाही. डोकं बारीक करून, मोकळेपणाने स्थळं बघायला गेलेले आणि सुखाने नांदणारे माझे कितीतरी रुग्ण आहेत. औषध घ्यायचं की नाही हे तुमच्या मनाला किती टोचतं त्यावर ठरवा, पाहुण्यांच्या बोलण्यावर नाही.

प्रत्यारोपणाबद्दल थोडक्यात. ते म्हणजे नांग्या भरणं: मागच्या पट्ट्यातली मुळं काढून पुढे लावायची. नवी मुळं तयार होत नाहीत, आणि मागचा साठा मर्यादित असतो. २७ व्या वर्षी टक्कल कुठवर जाणार हे कळलेलं नसतं. आता पुढे भरलं आणि त्यामागचं नंतर गेलं तर मधेच बेट उरतं. म्हणून आधी वर्षभर औषध, मग विचार. करायचंच झालं तर शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलंय.

राहिला लग्नाचा प्रश्न. चाचण्यांत फिनास्टेराइडची गोळी घेणाऱ्या १०० पुरुषांपैकी चारांहून कमी जणांना लैंगिक तक्रार झाली, आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांतही दोघांना झाली. बहुतेकांची थांबवल्यावर गेली, पण काही जण ती नंतरही राहिल्याचं सांगतात, म्हणून मी हे दडवत नाही. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हाही याचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. तुम्हाला पूर्वी नैराश्य आलं असेल तर मी ही गोळी देणार नाही, आणि घेताना मन उदास वाटू लागलं तर त्याच दिवशी थांबवून फोन करा. मूल होण्याबद्दल: बहुतेक पुरुषांत १ मिलिग्रॅमने अडचण येत नाही. ज्यांचे शुक्राणू आधीच कमी असतात त्यांचे आणखी घटू शकतात, आणि थांबवल्यावर सुधारतात. म्हणून लग्न ठरलेल्या मुलांची मी सुरुवातीलाच वीर्यतपासणी करून घेतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा ज्यांच्या मनात धास्ती आहे त्यांची गोळी मूल हवं असेल त्याआधी तीन महिने बंद करतो आणि लावायचं औषध चालू ठेवतो. तुम्ही गोळी घेत असताना पत्नी गरोदर राहिली तर घाबरू नका, वीर्यातून जाणारं प्रमाण नगण्य असतं. फक्त तुटलेली किंवा चुरा झालेली गोळी तिने हातात घेऊ नये. अखंड गोळीवर लेप असतो, तिला हात लागला तरी चालतो.